एकशे बारावा आवाज

दुपारच्या सुट्टीत डबा उघडायच्या आधी तिने सहज मेल पाहिला आणि त्यातल्या लिंकवर बोट टेकवलं. फोनचा आवाज मोठा राहिला होता. "चल, मार उडी! खाली काय वाघ बसलाय?" असं कुणीतरी चिरक्या, नाकातल्या, लाडावलेल्या आवाजात ओरडलं आणि कवळ्या घासायचं यंत्र बंद करून पॉलिशवाल्या मावशी खो खो हसायला लागल्या. "अगं, कुणाचं पोर आणलंस कामावर?" तिलाही हसायचं होतं. पण डबा न उघडताच तिने फोन उचलून पाहिला. पडद्यावर तपकिरी भुयारं होती आणि त्यात जाड भिंगांचा चष्मा लावलेला, मातीने माखलेला एक गुबगुबीत प्राणी खांद्यावर कुदळ टाकून उभा होता. "चल, मार उडी!" तो पुन्हा म्हणाला. तिने फोन पालथा घातला. पालथ्या फोनमधून, टेबलाच्या लाकडातून, तो म्हणतच राहिला. खोदू. सव्वीस वर्षांत तिने हा आवाज ऐकला नव्हता, आणि सव्वीस वर्षांपूर्वी तो तिच्याच गळ्यातून निघत होता.

समोर ओळीने चौदा माणसांचे जबडे मांडलेले होते. दवाखान्यांतून दातांचे ठसे यायचे, त्यांत ती प्लास्टर ओतायची, मग त्या पांढऱ्या जबड्यांवर मेणाचे दात बसवायची. अकरा वर्षं ती हेच करत होती आणि तिला हे काम आवडायचं, कारण ही तोंडं बोलत नसत. मावशी कधी कधी म्हणायच्या, "तू आणि तुझे हे जबडे, दोघंही सारखेच गप्प." ती लहानपणी टीव्हीवर होती हे मावशींना ठाऊक नव्हतं. कामावर कुणालाच नव्हतं. पडद्यावर तर खोदूची बाहुली दिसायची. 'जमिनीखालची शाळा' नावाचा मुलांचा कार्यक्रम होता, त्यात भुयारातून अक्षरं खणून वर आणणारा खोदू होता, आणि त्याला आवाज द्यायला नऊ वर्षांची एक मुलगी होती, जिचं नाव शेवटच्या पाटीवर इतक्या भरकन जायचं की तिच्या वडिलांनाही ते कधी वाचता आलं नाही. ते बोटीवर नोकरीला होते, सहा-सहा महिने घरी नसत. पुढे कार्यक्रमाचा एक खेळ निघाला, कॉम्प्युटरवर, ब्राउझर उघडून खेळायचा. खोदूला उड्या मारायला लावायच्या, अक्षरं वेचायची. त्यासाठी वेगळं ध्वनिमुद्रण झालं. ते तिचं शेवटचं.

मेल लिहिणाऱ्याने स्वतःला 'जुनाट' म्हणवलं होतं. दिवसा मी लिफ्ट दुरुस्त करतो, त्याने लिहिलं होतं, आणि उरलेल्या वेळात आम्ही आठ जण मिळून असले मेलेले खेळ उठवून बसवतो. ज्या यंत्रणेवर ते चालायचे ती कंपन्यांनी बंद केली आणि हजारो खेळ एकदम नाहीसे झाले, कुणी हाक मारली नाही की बोंब मारली नाही. आम्ही जुने कॉम्प्युटर धुंडाळतो, बंद पडलेल्या कंपन्यांच्या माणसांच्या माळ्यावरच्या डिस्क मागून आणतो. हा खेळ शोधायला चार वर्षं लागली, त्याच्या नामावलीत तुमचं नाव मिळालं. मी सात वर्षांचा असताना चार महिने पाय प्लास्टरमध्ये घालून पडून होतो, तेव्हा दिवसभर हाच खेळायचो. तुम्ही उडी मार म्हणायचात तेव्हा मला उठून बसताही येत नव्हतं, ताई. खाली आणखी दोन ओळी होत्या. एक विचारायचं होतं. खेळाच्या पेटीत, म्हणजे त्याच्या फायलींच्या गठ्ठ्यात, एकशे बारा आवाज आहेत, त्यातले एकशे अकरा खेळात वाजतात. एक कुठेच वाजत नाही. त्याच्यावर 'वापरू नये' असं लिहिलंय. तीन मिनिटं चाळीस सेकंदांचा आहे. तुम्हाला विचारल्याशिवाय तो आम्ही कुणापुढे ठेवणार नाही.

ती जेवली नाही. मेणाचा चमचा दिव्यावर धरून तिने तो इतका वेळ तापवला की मेणाला धूर सुटला. त्या दिवशीचं काहीतरी त्या पेटीत राहिलंय, एवढंच डोक्यात फिरत होतं. त्या दिवशीची हकीगत तिला पाठ होती. आयुष्यात तिने ती सहा-सात माणसांना सांगितली होती, नेहमी त्याच शब्दांत. काचेमागे बसून आवाज मुद्रित करणारे मुद्रणवाले काका, किडकिडीत, बाह्या दुमडलेले, मनगटावर मोठ्या तबकडीचं घड्याळ. भिंतींना करड्या रंगाचा खडबडीत फोम. काकांनी मला त्या खोलीत कोंडलं आणि दिवा घालवला. का, ते माहीत नाही. आईने दार बडवलं, मी रडत बाहेर आले, आणि दुसऱ्या दिवशी काकांना काढून टाकलं. मग कार्यक्रमही बंद झाला. हे सांगितलं की माणसं चुकचुकायची आणि मग पुढचं काही समजावून सांगावं लागायचं नाही: ती लिफ्टने का जात नाही, न्हाणीघराची कडी का लावत नाही, दिवा लावून का झोपते. नवऱ्याला अंधाराशिवाय झोप यायची नाही. चार वर्षं दोघांनी रेटलं, मग एका सकाळी चहा पितापिता भांडण न करता वेगळं व्हायचं ठरवलं. तेव्हाही तिच्या मनात आलं होतं ते घड्याळ, ते मनगट, बटणाकडे जाणारं ते बोट. भीती होती, पण तिला एक पत्ता होता. ती कुठून आली ते ठाऊक होतं, आणि तेवढ्या ठाऊक असण्यावर ती उभी होती.

संध्याकाळी बसच्या थांब्यावरून तिने जुनाटला फोन लावला. आवाज तरुण आणि जरा घाबरलेला होता. "ताई, तुम्ही खरंच फोन कराल असं वाटलं नव्हतं."

"तो आवाज किती जणांकडे आहे?"

"आम्हा आठांकडे. पण कुणी ऐकणार नाही, मी तशी ताकीद दिलीय."

"तुम्ही ऐकलात?"

"दहा-बारा सेकंद. मग लक्षात आलं की हे खेळाचं नाही, कुणाचं तरी घरचं बोलणं आहे. बंद केलं लगेच. शपथ."

"ते काका काय म्हणतात त्यात?"

पलीकडे तो गोंधळला. "काका? काका नाहीत, ताई. बाई आहेत. एक बाई आणि तुम्ही."

दोन बस आल्या आणि गेल्या. तिने त्याला आणखी दोनदा विचारलं, नक्की बाईच का, आणि दोन्ही वेळा तो हो म्हणाला, दुसऱ्या वेळी जरा हळू, डॉक्टर बोलतात तसा. घरी आईने दार उघडलं. गुडघ्यांमुळे तिला दारापर्यंत यायला वेळ लागायचा आणि त्या वेळात ती आतून बोलत यायची, "आले गं, आले, माझ्या नावाने ओरडू नकोस." लेक कधीच ओरडत नसे. आज आईचा तो आवाज दाराआडून जवळ जवळ येत गेला तशी ती एक पाऊल मागे सरकली. आईने विचारलं, "चेहरा का असा?" ती म्हणाली, "काम फार होतं." आणि ताट घेऊन आईसमोर बसली, आणि घास चावताना आईच्या तोंडाकडे बघत राहिली, कामावर जबड्यांकडे बघायची तशी.

जुनाटने पाठवलेला तो आवाज दोन दिवस तिने फोनमध्ये तसाच ठेवला. शनिवारी दुपारी आई आडवी झाल्यावर ती बाहेर येऊन जिन्याच्या पायरीवर बसली. खिडकीतून ऊन येत होतं, खालच्या मजल्यावर कुणीतरी फरशी घासत होतं. तिने कानात इअरफोन घातले आणि बोट टेकवलं.

आधी कागदांची सळसळ. मग आईचा आवाज, इतका जवळून, इतका तरुण, की तिने मान वळवून मागे पाहिलं. 'ते गेलेत कागद आणायला. लवकर. काय सांगायचं? सांग बघू.' आणि खोदू म्हणाला, 'काकांनी मला कोंडलं, दिवा घालवला.' आई म्हणाली, 'त्या आवाजात नको. तुझ्या आवाजात सांग.' खोदू हसला. 'हाच माझा आवाज आहे.' 'राणी, माझ्याकडे बघ. तुझ्या आवाजात.' 'हाच आहे की.' मग बराच वेळ नुसता आईचा श्वास, अडकत अडकत येणारा. ती रडत होती. मग, 'बरं. आता मी दिवा घालवणार आणि दार लावणार. तू आत बसायचं. मी दार उघडलं की रडायचं आणि सगळ्यांना तसं सांगायचं.' पावलं. दाराचा जड, गादी आपटल्यासारखा आवाज. आणि त्यानंतर, दार लागल्यावर, बाहेरून, अगदी बारीक, बटणाचा खटका.

बटण बाहेर होतं. पायरीवर बसून तिने हे तीनदा मनात म्हटलं. बटण त्या खोलीच्या बाहेर होतं, दार बंद होतं, म्हणजे बटणावरचं बोट तिला दिसूच शकलं नसतं, कुणाचंच. मग ते मनगट कुठून आलं? ते घड्याळ? तिने ते इतकी वर्षं पाहिलं होतं, त्याच्या पट्ट्याचं फाटकं टोकसुद्धा. ते तिने कुठे बसून शिवलं होतं, एकेक टाका घालत? कानात अंधार चालूच होता. एका लहान मुलीचा श्वास, जलद, तोंडाने घेतलेला. पावणेदोन मिनिटं. आणि अगदी शेवटी, दार उघडायच्या आधी, माइकच्या जवळ, खोदू कुजबुजला, समजूत घालावी तसा. 'घाबरू नकोस. तू इथेच थांब. मी जातो बाहेर. मी रडतो.'

तिने इअरफोन कानातून उपटले. फरशी घासणारी बाई वर बघून म्हणाली, "काय झालं हो? पडलात का?" ती नाही म्हणाली आणि तो शब्द कसा निघाला ते कान देऊन ऐकलं. घोगरा, मध्यम, नेहमीचा. पण नेहमीचा म्हणजे कुणाचा?

मुद्रणवाल्या काकांचा पत्ता जुनाटने तासाभरात काढून दिला आणि ती येणार असल्याचं त्यांना कळवलंही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती तिथे गेली. चार मजले पायऱ्या चढून वर आली तर दार सताड उघडं होतं आणि ते उघडंच राहावं म्हणून त्याला खुर्ची लावलेली होती. काका सत्तरीकडे झुकले होते. त्यांच्या दोन्ही मनगटांवर काही नव्हतं. ते भिंतीला टेकून उभे होते आणि त्यांच्या शेजारी त्यांची बायको, हातात हात घट्ट धरून. तिच्या आधी तेच बोलले. "तुम्ही पुन्हा काही म्हणणार आहात का?"

तेव्हा तिला कळलं की ती माणसं तिला भीत होती. पाच फूट उंचीच्या, प्लास्टरने नखं पांढरी झालेल्या तिला. "नाही," ती म्हणाली. "मी ऐकलंय. त्या खेळात राहिलेलं." तिने फोन काढला तसे काका घाईने म्हणाले, "नको, लावू नका. मला पाठ आहे."

ते बसले. बायकोही बसली. कुणी बाई आली की ही जवळच बसते, काका म्हणाले, आता सवय झालीय. त्या दिवशी ध्वनिमुद्रणाचं यंत्र चालू ठेवून मी बाहेर गेलो होतो. संध्याकाळी ऐकलं. निर्मात्याला ऐकवलं. तो म्हणाला, कार्यक्रम तसाही आटोपतोय, कशाला एका आईची अब्रू काढता, ठेवा बाजूला. "मी बाजूला नाही ठेवलं. रागाच्या भरात त्या खेळात सरकवून दिलं. कुणाच्या तरी हाती लागेल म्हटलं. वर्षभर वाट पाहिली. मग खेळच बंद झाला." ते हसल्यासारखे झाले. "मला तुमच्या आईची कीव नव्हती आली, खोटं कशाला बोलू. मला फक्त काम हवं होतं. ते नाही मिळालं कुठे."

"कामाचं जाऊ दे," बायको पहिल्यांदाच बोलली. "मुलीचं सांगा की."

मग बायकोनेच सांगितलं. मुलगी तेव्हा चौदा वर्षांची होती. शाळेत कुणीतरी तिच्या कानावर घातलं. आता तिला स्वतःची मुलगी आहे, सहा वर्षांची. येतात, जातात, सगळं गोड असतं. पण नातीला ती इथे एकटी ठेवत नाही. एकदाही ठेवलेली नाही. कधी तोंडाने बोलली नाही, पण ठेवत नाही.

पळून जावं, चार मजले उतरून खाली जावं असं वाटलं. ती म्हणाली, "त्यांना फोन लावा." काका नको नको म्हणत होते तोवर बायकोने लावून तिच्या हातात दिलासुद्धा. तिने आपलं नाव सांगितलं. पलीकडून एक कोरडा आवाज आला, "माहितेय तुम्ही कोण. माझं आख्खं लहानपण तुमच्या नावात गेलंय."

"तुमच्या बाबांनी मला कोंडलं नव्हतं," ती म्हणाली. "दिवा त्यांनी घालवला नाही. ते तिथे नव्हतेच. मला सांगायला शिकवलं होतं आणि मी सांगितलं. मग माझाच त्यावर विश्वास बसला. ध्वनिमुद्रण आहे, ते मी पाठवते, पण मला तोंडाने सांगायचं होतं."

पलीकडून गाड्यांचा आवाज येत होता, एक लहान मुलगी मागे काहीतरी मागत होती. "बाबांना द्या," काकांची मुलगी शेवटी म्हणाली. काकांनी फोन कानाला लावला. मग काका घसा खाकरून म्हणाले, "जेवलात का गं तुम्ही दोघी?" बायको उठली आणि चहा टाकायला आत निघून गेली, काकांना परक्या बाईपाशी एकटं सोडून, आणि हे त्या दोघांच्याही लक्षात आलं नाही.

परतीच्या वाटेवर तिने जुनाटला कळवलं. खेळ लावा सगळ्यांसाठी, एकशे अकरा आवाजांचा. एकशे बारावा काकांचा आहे, तो त्यांना द्या आणि तुमच्या आठांकडचा पुसून टाका. त्याने लगेच हो म्हटलं. पुढे लिहिलं, "ताई, एक सांगू? आम्ही सगळे आज सकाळी खेळत बसलो होतो. एक जण तर रडला." आठ मोठी माणसं आठ खोल्यांत बसून त्या मुलीला उड्या मारायला लावताहेत, आणि ती मारतेय, न दमता. दोन थांबे आधीच ती बसमधून उतरली. भीती गेली नव्हती. उलट इतकी वर्षं ती एका परक्या माणसाच्या घरी राहत होती, आता तिथून निघून तिच्यासोबत घरी चालली होती, जिथे त्या भीतीची खरी मालकीण, आई, खिडकीत बसलेली होती.

आई जुना स्वेटर उसवत होती. लोकरीचा गुंडा तिच्या मांडीवर हळूहळू मोठा होत होता. "कुठे गेली होतीस सकाळीच?"

"मुद्रणवाल्या काकांकडे." बोटं थांबली. "माइक चालू होता, आई. मी ऐकलं."

"सगळं?"

"सगळं."

आईने एक वेढा गुंडाळला, दुसरा गुंडाळला. ती नाकारेल, रडेल, तू मला जाब विचारतेस का म्हणेल, असं तिला वाटलं होतं. आई नुसती म्हणाली, "कसे आहेत ते?"

"म्हातारे झालेत. का केलंस तू?"

"कार्यक्रमवाले सोडत नव्हते तुला. चाळीस भागांचा करार होता. मी हातापाया पडले. तसं काही घडलं तरच करार मोडता आला असता. डॉक्टर म्हणाले, मुलं करतात नकला. तुझे बाबा बोटीवर. घरात मी आणि तू." ती थांबली. "तू नव्हतीसच. तोच होता. जेवताना तोच, अंघोळीला तोच. मला आई म्हणायचा. झोपेतसुद्धा त्याच आवाजात. एकदा मी तुला हलवून विचारलं, माझी पोरगी कुठे आहे रे? तर म्हणालास," आई अडखळली, "म्हणालीस, 'ती खाली आहे. झोपलीय. तिला उठवू नकोस.' हसून सांगितलंस."

पंखा फिरत होता. तिला हे काहीच आठवत नव्हतं. तिने आठवायचा प्रयत्न केला तेव्हा एक मनगट दिसलं, आणि ते तर नव्हतंच.

"मला वाटलं, अंधारात ठेवलं तर भिऊन तरी माझी पोर हाक मारेल," आई म्हणाली. "त्या बापड्या माणसाचा मी विचारच केला नाही. मग करायची हिंमत झाली नाही. तुझी भीती वाटायची मला. नऊ वर्षांच्या पोरीची."

"मग? मारली मी हाक?"

"दार उघडलं तर तू रडत होतीस. 'आई' म्हणालीस. नीट, तुझ्या आवाजात. त्यानंतर तो कधी आला नाही."

अंधारातलं ते शेवटचं कुजबुजणं आईने ऐकलेलं नव्हतं. ती दाराबाहेर होती. हे आपल्याला सांगता येईल, असं तिच्या मनात आलं. सांगू नये, असंही आलं. ती आईसमोर जमिनीवर बसली, गुडघे पोटाशी घेऊन. "म्हणजे मी परत आले," ती म्हणाली. तिला ते ठामपणे म्हणायचं होतं, पण शेवट वर गेला आणि त्याचा प्रश्न झाला.

"आलीस की," आई म्हणाली. गुंडा तिच्या मांडीवरून घरंगळून पलंगाखाली गेला, तिने तिकडे पाहिलंही नाही. ती लेकीच्या चेहऱ्याकडे बघत होती, आधी ओठांकडे, मग डोळ्यांत, बराच वेळ. मग अगदी हळू, शेजारच्या खोलीत कुणी ऐकू नये अशा बेताने, तिने विचारलं, "आलीस ना?"